साइट बंद आहे, पण नक्की कुणाला?

या महिन्यात वर्डप्रेसचे, म्हणजे साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचे, प्रश्न इतके आले की बाकीचे सगळे, प्रिंटरवाले, यूपीआयवाले, पुढच्या अंकावर ढकललेत, रागावू नका. गंमत म्हणजे जवळजवळ प्रत्येक पत्राचं पहिलं वाक्य एकच आहे, "साइट बंद पडलीये". घरात लाईट गेली की आपण आधी काय करतो, खिडकीतून शेजारच्यांकडे बघतो. त्यांच्याकडे असेल तर आपला फ्यूज, त्यांच्याकडेही नसेल तर डीपी उडालाय. साइटच्या बाबतीत मात्र आपण थेट मीटर उघडून वायरी ओढायला लागतो, प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे छोटे जादा प्रोग्राम) उडव, थीम (साइटचा पेहराव) बदल, नवीन होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घे. तर आधी शेजारी बघू.

प्रश्न : गुहागरला आमचा छोटा होमस्टे आहे. त्याची साइट मंगळवारपासून बंद आहे. पेज फिरत राहतं आणि शेवटी टाइम आउट. होस्टिंगवाले म्हणतात आमच्याकडे चालू आहे. खोटं बोलतायत का? मे महिना तोंडावर आहे हो दादा.

ताई, बहुतेक खरं बोलतायत. आत्ताच्या आत्ता फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर साइट उघडा. उघडली ना? मग पाहुण्यांना साइट दिसतीये, फक्त तुमच्या घराला दिसत नाहीये.

हे होतं कसं ते सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या दर चारपाच "साइट बंद"मधली एक तरी हीच असते. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की सोमवारी बुकिंगच्या ईमेलचा पासवर्ड बदलला. फोनवर नवा टाकला असणार, पण ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जे मेलचं सॉफ्टवेअर आहे त्यात जुनाच राहिला, आणि ते बिचारं दर पाच मिनिटांनी जुना पासवर्ड घेऊन सर्व्हरचं दार वाजवतंय. सर्व्हरच्या फायरवॉलला, म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्याला, वाटतं कुणीतरी पासवर्ड अंदाजाने मारून बघतंय, तो तुमच्या घरचा इंटरनेटवरचा नंबर, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेसच ब्लॉक करून टाकतो. मग त्या घरातून साइट बंद, मेल बंद, सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पान) पण बंद. वर्डप्रेसचा यात काडीचा संबंध नाही. वर्डप्रेसच्या लॉगिनला पासवर्ड पाचसहा वेळा चुकला तरी असंच होऊ शकतं, पण तेव्हा बहुतेक वेळा सिक्युरिटी प्लगइनचा निरोप दिसतो, "तुम्हाला काही वेळ प्रवेश नाही" अशा अर्थाचा. नुसतं फिरत राहून टाइम आउट होत असेल तर फायरवॉल.

आधी त्या कॉम्प्युटरमधला पासवर्ड बदला, नाहीतर उघडलेलं दार तासाभरात परत बंद होईल. मग घरच्याच वायफायवरून गूगलला "माय आयपी" विचारा, जो नंबर येईल तो होस्टिंगच्या सपोर्टला पाठवा आणि एवढंच लिहा की "हा आयपी फायरवॉलमधे ब्लॉक आहे का बघा". "साइट बंद आहे" असं लिहिलंत की ते त्यांच्या ऑफिसातून उघडून बघणार आणि "चालू आहे" म्हणणार, परत पहिले पाढे पंचावन्न. राउटर दहा मिनिटं बंद ठेवून चालू केला तरी कधीकधी नवीन आयपी मिळून काम होतं, पण तो नुसता वळसा आहे.

उलटा प्रकार पण सांगून ठेवतो, वायफायवर उघडते आणि मोबाइल डेटावर नाही. आपल्याकडचं मोबाइल नेटवर्क आता बरंचसं आयपीव्ही६ वर, म्हणजे नव्या, लांब आयपी पत्त्यांवर चालतं. साइट नवीन होस्टिंगवर हलवताना डीएनएसमधलं (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ती नोंदवही) साधं ए रेकॉर्ड सगळे बदलतात, आणि आयपीव्ही६ चं जे चार ए वालं रेकॉर्ड असतं ते जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवत तसंच पडून राहतं. मग फोनवाले जुन्या, रिकाम्या घराची बेल वाजवत बसतात. ते रेकॉर्ड एकतर बरोबर करा नाहीतर काढून टाका.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात असतो, वडिलांची आयुर्वेदिक औषधांची साइट कोल्हापुरातून चालते. त्यांना दिसते, मला ४०३ फॉरबिडन, म्हणजे प्रवेश नाही. इथल्या मित्रांनाही तेच.

कुणीतरी सिक्युरिटी प्लगइनमधे किंवा होस्टिंगमधे "भारताबाहेरचं सगळं ब्लॉक" चालू केलंय. हॅकिंगच्या भीतीने करतात लोक, आणि मग गूगलचे रोबोट सुद्धा बाहेरच उभे राहतात, कारण ते बहुतांशी अमेरिकेतून येतात. बाबांना प्लगइनच्या सेटिंगमधे कंट्री ब्लॉकिंग शोधायला सांगा. नुसतं लॉगिनचं पान देशापुरतं बंद ठेवलं तर एक वेळ ठीक, दुकानच कशाला बंद करायचं.

आणि ४०३ भारतातही सगळ्यांना येत असेल तर तो वेगळा आजार, फाइलींच्या परमिशन (कुणी वाचायचं, कुणी बदलायचं ते ठरवणारे आकडे) बिघडलेल्या असतात. फोल्डरला ७५५, फाइलला ६४४. कुणी ७७७ करा म्हणालं तर करू नका, ते म्हणजे किल्ली कुलपालाच लावून गावाला जाणं.

प्रश्न : शाळेच्या साइटवर प्लगइन अपडेट करत होतो, मधेच नेट गेलं. आता "ब्रीफली अनअव्हेलेबल फॉर शेड्यूल्ड मेंटेनन्स" एवढंच दिसतं. मुख्याध्यापक ओरडतायत.

सर, चहा घेऊन या. अपडेट सुरू झालं की वर्डप्रेस मुख्य फोल्डरमधे डॉट मेंटेनन्स नावाची एक छोटी फाइल ठेवतं आणि काम झालं की काढतं. तुमचं काम अर्धवट राहिलं म्हणून फाइल राहिली. ती दहा मिनिटांपेक्षा जुनी झाली की वर्डप्रेस तिच्याकडे दुर्लक्ष करतं, म्हणजे हे वाचेपर्यंत साइट चालू पण झाली असेल. नसेल तर सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमधे जाऊन ती डिलीट करा. नावाच्या आधी टिंब असल्यामुळे ती लपलेली असते, सेटिंगमधे "शो हिडन फाइल्स" वर टिक केल्याशिवाय दिसणार नाही. तरीही तोच निरोप दिसला तर कॅश (साठवून ठेवलेली जुनी पानं) साफ करा. आणि ज्या प्लगइनचं अपडेट अडकलं ते परत एकदा इन्स्टॉल करा, अर्ध्या फाइली जुन्या आणि अर्ध्या नव्या असतील.

प्रश्न : आमचं त्रैमासिक आहे, साइट एका मुलाने २०१७ साली करून दिली. मागच्या आठवड्यात होस्टिंगवाल्यांनी काहीतरी अपग्रेड केलं, तेव्हापासून "देअर हॅज बीन अ क्रिटिकल एरर ऑन धिस वेबसाइट" असं येतं. लॉगिन पण होत नाही. तो मुलगा आता बंगळुरूला असतो, फोन उचलत नाही.

हा फ्यूजही नाही आणि शेजारीही नाही, हा खरोखरचा डीपी. सगळ्यांनाच बंद.

पूर्वी अशा वेळी नुसतं पांढरं पान यायचं, एक अक्षर नाही. २०१९ च्या मे महिन्यात वर्डप्रेस ५.२ आलं आणि त्यात रिकव्हरी मोड आला. साइट कोसळली की वर्डप्रेस स्वतःच अ‍ॅडमिनच्या ईमेलवर पत्र पाठवतं, अमुक प्लगइनमुळे झालं, या लिंकवरून आत या. ती लिंक एक दिवस चालते. त्या लिंकने आत गेलात की तो प्लगइन फक्त तुमच्यापुरता थांबवलेला असतो, वाचकांना एरर दिसतच राहते. म्हणून नुसतं "मला उघडली" म्हणून खूश होऊ नका, आत जाऊन तो प्लगइन डीअ‍ॅक्टिव्हेट करा, मग सगळ्यांना उघडेल.

पण तुम्ही म्हणाल असं पत्र आलंच नाही. आलंय हो, बंगळुरूला आलंय. साइट करून देणारा अ‍ॅडमिन ईमेल स्वतःचाच ठेवतो आणि नंतर कुणी बदलत नाही. साइट सुरू झाली की पहिलं काम तेच, सेटिंग्ज, जनरल, आणि तिथे तुमचा ईमेल.

आता पत्राशिवाय आत कसं शिरायचं. सीपॅनेलचा पासवर्ड तुमच्याकडे आहे म्हणता, बास. फाइल मॅनेजरमधे डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर उघडा, त्यात प्लगइन्स नावाचा फोल्डर दिसेल, त्याचं नाव बदलून प्लगइन्स-जुने करा. (हे सगळं टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं, मासिकाच्या देवनागरीमुळे इथे असं दिसतंय.) वर्डप्रेसला प्लगइन सापडले नाहीत की ते सगळे बंद धरतं. आता लॉगिन करा, डावीकडे प्लगइन्सचं पान एकदा उघडा, मग फोल्डरला जुनं नाव परत द्या आणि एकेक प्लगइन चालू करत जा. ज्याला हात लावल्यावर साइट परत पडेल तो चोर. डेटा कुठेही जात नाही, काळजी नको.

एकेक करत बसायचं नसेल तर वर्डप्रेसलाच विचारा. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमधे डब्ल्यूपी_डीबग ही ओळ ट्रू करा, डब्ल्यूपी_डीबग_लॉग पण ट्रू, आणि डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले फॉल्स, म्हणजे वाचकांना चिठ्ठ्याचपाट्या दिसणार नाहीत. साइट एकदा रिफ्रेश करा. डब्ल्यूपी-कंटेंटमधे डीबग डॉट लॉग नावाची फाइल तयार होईल, तिच्यात "फेटल एरर" शोधा. २०१७ ची साइट म्हणताय तर माझा अंदाज, तिथे "कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन क्रिएट_फंक्शन" असं काहीतरी असेल आणि त्याच ओळीत फाइलचा पत्ता असेल. प्लगइन्स शब्दानंतर जे फोल्डरचं नाव आलंय तोच गुन्हेगार. पत्त्यात थीम्स आलं तर थीम. हे जुनं फंक्शन पीएचपी ८ मधे (पीएचपी म्हणजे वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय ती भाषा) काढून टाकलंय, आणि "काहीतरी अपग्रेड केलं" म्हणजे होस्टिंगवाल्यांनी तुम्हाला पीएचपी ७ वरून ८ वर नेलं. त्यांची चूक म्हणवत नाही, ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ लाच संपलाय. सीपॅनेलमधे पीएचपी व्हर्जन निवडायची सोय असते, तिथून काही दिवस ७.४ वर परत जाता येतं, अंक काढायचा असेल तर जा, पण तो प्लास्टर समजा. तेवढ्यात त्या प्लगइनला नवा पर्याय शोधा.

काम झालं की डीबग बंद करा आणि ती लॉग फाइल पुसा, बऱ्याच होस्टिंगवर ती जगात कुणालाही ब्राउझरमधून उघडता येते. मी स्वतः एकदा विसरलो होतो, दोन वर्षांनी बघितली तर ३ जीबीची झालेली.

प्रश्न : एसएसएल (साइटचं कुलूप) लावलं, क्लाउडफ्लेअर (वाचक आणि सर्व्हरच्या मधे बसणारी सेवा) जोडलं, आणि आता "टू मेनी रिडायरेक्ट्स".

सरकारी ऑफिसात दोन खिडक्या एकमेकांकडे पाठवत राहतात ना, ते झालंय. वाचक क्लाउडफ्लेअरकडे एचटीटीपीएसने, म्हणजे कुलूपबंद रस्त्याने येतो. तिथे मोड "फ्लेक्सिबल" असेल तर ते तुमच्या सर्व्हरकडे साध्या एचटीटीपीने जातं. सर्व्हर म्हणतो, छे, एचटीटीपीएसने या. निरोप परत वाचकाकडे, वाचक परत येतो, परत तेच. सर्व्हरवर स्वतःचं सर्टिफिकेट टाका (लेट्स एन्क्रिप्टचं फुकट असतं, बहुतेक होस्टिंगवर एका बटणात) आणि मोड "फुल स्ट्रिक्ट" करा.

क्लाउडफ्लेअर नसताना असं होत असेल किंवा लॉगिन करून परत लॉगिनचंच पान येत असेल तर सेटिंग्ज, जनरलमधले साइटचे दोन पत्ते तपासा, एकात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि एकात नाही असं असतं. आतच जाता येत नसेल तर डब्ल्यूपी-कॉन्फिगमधे डब्ल्यूपी_होम आणि डब्ल्यूपी_साइटयूआरएल या दोन ओळींत पत्ता लिहून टाका. मग सेटिंगमधले ते दोन रकाने करडे दिसतील, घाबरू नका, पत्ता आता फाइलीतून येतोय एवढंच.

प्रश्न : माझी प्रवासवर्णनाची जुनी साइट आहे, २००८ पासून मराठीत लिहितोय. नवीन होस्टिंगवर हलवली आणि सगळं मराठी गेलं, त्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली फ्रेंचसारखी अक्षरं आलीत. साइट उघडते, पण वाचता येत नाही. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंका उघडत नाहीत ते वेगळंच.

काका, टोप्यावाली अक्षरं आहेत ना, प्रश्नचिन्हं नाहीत ना? मग तुमचं नशीब चांगलंय. टोप्यावाली अक्षरं म्हणजे मजकूर जिवंत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय. प्रश्नचिन्हं म्हणजे त्या कॉपीतला मजकूर खरंच गेला, मग जुन्या होस्टिंगवरूनच परत आणावा लागतो. म्हणून जुनं होस्टिंग आज बंद करू नका, महिन्याचे पैसे जाऊ देत.

झालंय असं की पूर्वी डेटाबेस (सगळा मजकूर जिथे साठतो ती पेटी) लॅटिन नावाच्या चारसेटमधे, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, असायचा आणि वर्डप्रेस त्यात मराठीचे बाइट्स तसेच कोंबायचं. कोंबणाराही तोच आणि काढणाराही तोच, त्यामुळे इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. नव्या ठिकाणी काढणारा बदलला. आधी जुन्या आणि नव्या डब्ल्यूपी-कॉन्फिगमधली डीबी_चारसेट ही ओळ शेजारी शेजारी ठेवून बघा. जुन्यात ती रिकामी किंवा नव्हतीच असेल तर नव्यातही तसंच करून बघा, कधीकधी एवढ्यावर मराठी परत येतं. नाही आलं तर होस्टिंगच्या सपोर्टला सांगा की जुना डेटाबेस लॅटिन१ म्हणून एक्स्पोर्ट करा आणि यूटीएफ८एमबी४ म्हणून इम्पोर्ट करा, जाणत्या माणसाला या एका वाक्यात सगळं कळतं. तोपर्यंत त्या साइटवर नवीन काही लिहू नका, नाहीतर अर्धं एका चष्म्याचं आणि अर्धं दुसऱ्याचं होईल आणि मग ते सोडवणं म्हणजे गुंतलेला मांजा.

आता लिंका. वर्डप्रेस शीर्षकावरून लिंक बनवतं, त्या तुकड्याला (स्लग म्हणतात त्याला) डेटाबेसमधे २०० अक्षरांची जागा. इंग्रजीला भरपूर झाली. पण मराठीचं एकेक अक्षर लिंकमधे जाताना टक्केवारीच्या खुणांसकट ९ अक्षरं होतं, आणि काना, वेलांटी, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे जेमतेम २२ खुणा. तुमच्याच लेखाचं शीर्षक घ्या, "गणपतीपुळ्याला जाताना खाल्लेली मिसळ". मी बोटांवर मोजलं, "गणपतीपुळ्याला" १३ खुणा, "जाताना" ६, दोन रेघा, आणि बरोब्बर २०० ला लिंक तुटते ती "गणपतीपुळ्याला-जाताना-खाल" इथे. मिसळ खायची राहूनच गेली. तुटली तरी ती लिंक चालते म्हणा, पण फॉरवर्ड करताना ती टक्क्यांची लांबलचक माळ मधेच मोडते आणि समोरच्याला ४०४, म्हणजे पान सापडत नाही. लेख लिहिताना स्लगच्या रकान्यात स्वतः इंग्रजी अक्षरांत छोटं नाव द्या, गणपतीपुळे-मिसळ एवढं पुरे. जुन्या लेखांचे स्लग बदललेत तरी चालेल, छापलेल्या पोस्टचा जुना स्लग वर्डप्रेस लक्षात ठेवतं आणि जुन्या लिंकवरून नव्याकडे नेतं.

आणि होमपेज उघडतं पण एकही लेख उघडत नाही असं कुणाचं असेल तर सेटिंग्ज, पर्मालिंक्स, काहीही न बदलता सेव्ह. बहुतेकदा तेवढ्यानेच होतं.

प्रश्न : पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. साइटवर ७० मूर्तींचे फोटो एका पानावर टाकलेत. मला पटकन उघडते, गिऱ्हाईक म्हणतं उघडतच नाही. होस्टिंग महागातलं घेऊ का?

आधी थांबा. तुम्ही ते पान रोज बघता, फोटो तुमच्या ब्राउझरने साठवून ठेवलेत, म्हणून तुम्हाला पटकन. प्रायव्हेट विंडो उघडा, वायफाय बंद, फोनच्या डेटावर बघा, मग गिऱ्हाईकाचं दुःख कळेल. कॉम्प्युटरवर क्रोममधे एफ१२ दाबून नेटवर्क टॅबमधे बघाल तर अजून स्पष्ट होईल. पहिलीच ओळ तीनचार सेकंद नुसती वाट बघत असेल तर सर्व्हर किंवा प्लगइन जड आहे. पहिली ओळ झटकन आली आणि खाली फोटोंची रांग सरकत असेल तर होस्टिंग बदलून काडीचा फरक पडणार नाही.

मी तुमचं पान बघितलं. एकेक फोटो ५ एमबीचा, ७० फोटो म्हणजे साडेतीनशे एमबी. अख्खा सिनेमा झाला. खरं म्हणजे वर्डप्रेस ५.३ पासून मोठ्या फोटोची २५६० पिक्सेलची छोटी प्रत स्वतःच बनवतं, आणि ५.५ पासून खालचे फोटो स्क्रोल केल्यावरच लोड होतात, २०२० पासून आहे हे. पण तुमचे फोटो कुणीतरी एफटीपीने थेट फोल्डरमधे टाकलेत आणि पेज बिल्डरमधे बॅकग्राउंड म्हणून लावलेत, या दोन्ही ठिकाणी वर्डप्रेसची हुशारी चालत नाही. फोटो १२०० पिक्सेल रुंदीचे करा, वेबपी फॉरमॅटमधे, दीडशे केबीच्या आत बसतील, मुकुटाचे खडे तरीही दिसतात. मीडिया लायब्ररीतून अपलोड करा, साध्या गॅलरीत लावा, पानावर वीस. शाडूच्या वेगळ्या, पीओपीच्या वेगळ्या, असं केलंत तर गिऱ्हाईकालाही बरं.

प्रश्न : "एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन". मी काहीही बदललेलं नाही, शपथ.

विश्वास आहे. सगळीकडे डब्ल्यूपी-कॉन्फिगमधला डेटाबेसचा पासवर्ड तपासा असं सांगतात, पण तुम्ही बदलला नाही तर तो आपोआप कशाला बदलेल? नुकतं होस्टिंग हलवलं असेल तरच तिथे बघा. सीपॅनेलमधे उजवीकडे डिस्क युसेज बघा आधी. १०० टक्के लाल दिसेल असं मला वाटतंय. बॅकअप प्लगइन रोज रात्री अख्ख्या साइटची झिप बनवून त्याच सर्व्हरवर ठेवतो, वर्षभरात जागा संपते, डेटाबेसला लिहायला जागा उरत नाही आणि तो मान टाकतो. डब्ल्यूपी-कंटेंटमधे बॅकअपचं फोल्डर शोधा, सगळ्यात नवीन दोन झिप आधी तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग जुन्या उडवा आणि सपोर्टला डेटाबेस रीस्टार्ट करायला सांगा. डिस्क रिकामी निघाली तर मात्र बिघाड त्यांच्या सर्व्हरचा आहे, तुम्ही कुठल्याच फाइलीला हात लावू नका, फक्त एररचा स्क्रीनशॉट वेळेसकट पाठवा.